मॅडम, हा धंदा आहे की हौस?

शाळेतून साडेपाचला सुटायचं आणि द्वारका चौकाजवळच्या भाड्याच्या खोलीत चिनी मातीचे कप, बरण्या घडवायच्या, असं माझं पाच वर्षं चाललं होतं. तिथे विजेची भट्टी होती. पगार शिक्षिकेचा, तोटा भट्टीचा. आमचे कर सल्लागार दरवर्षी तो तोटा पगारातून वजा करून विवरणपत्र भरत आणि थोडा कर परत येई. मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एकदा प्राप्तिकर कार्यालयाची नोटीस आली.

सुनावणीला बसलेले साहेब माझ्याएवढेच दमलेले दिसत होते. फाइल चाळत म्हणाले, "मॅडम, पाच वर्षं तोटाच. हा धंदा आहे की हौस?"

"धंदाच," सल्लागार माझ्याआधी बोलले. "नफ्याचा हेतू आहे, साहेब. जम बसायला वेळ लागतो."

साहेबांनी फाइलमधून माझ्याच हातच्या एका पत्राची नक्कल काढली. एका हॉटेलने पाचशे कप मागितले होते आणि मी नकार कळवला होता. पावत्यांच्या गठ्ठ्यात ती कशी गेली, कोण जाणे.

"ही ऑर्डर का सोडली?"

वेळ नव्हता, भट्टी लहान आहे, काहीही सांगता आलं असतं. टेबलाखाली सल्लागारांनी माझ्या पायावर पाय दाबला. पण सकाळपासून तिथल्या बाकावर बसून मला इतका शीण आला होता, की खोटं जुळवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"सगळे एकसारखे हवे होते त्यांना," मी म्हणाले. "मला ते करवेना."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "मग धंदा कसा म्हणू मी?" एवढंच हळू आवाजात म्हणाले.

तोटा नामंजूर झाला. घरी नवरा म्हणाला, "अगं, हौस म्हण आणि मोकळी हो. हौसेला कोण काय विचारतंय?" त्याने ते प्रेमानेच म्हटलं होतं. मी मात्र दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग हट्टाने त्याच हॉटेलात गेले आणि ऑर्डर मागून आणली. पाचशे कप, एकच उंची, कानाचा एकच आकार. पुढे आणखी दोन हॉटेलं मिळाली. नफा झाला, त्यावर कर भरला. सल्लागार खूश झाले. मी नवा आकार शेवटचा कधी केला, ते आठवेनासं झालं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. फळ्यावर लिहिताना मुली म्हणत, "बाई, आम्ही लिहू का?"

दोन हजार सालानंतर कधीतरी मनमाडच्या एका नवराबायकोने भट्टी विकत घेतली. चौघांनी ती टेम्पोत चढवली. बाईने मला विचारलं, "चालतो का हो धंदा यात?"

"चालतो," मी म्हणाले.

घरी येऊन भर दुपारी झोपले. नवऱ्याने चहासाठी दोनदा हाक मारली. मी ऐकली, पण उठले नाही.