गोंदणासकट गरम पाण्यात

जपानला जायचं ठरलं ते माकडांमुळे. बर्मिंगहॅममधला जानेवारी महिना होता, दुपारी चारलाच अंधारून आलं होतं आणि सासूबाई गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून टीव्ही बघत बसल्या होत्या. पडद्यावर जपानच्या डोंगरातलं एक कुंड होतं. चहूकडे बर्फ, आणि वाफाळत्या पाण्यात लाल तोंडाची माकडं डोळे मिटून बसलेली. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाल्या, "माकडांच्या नशिबात आहे बघ."

त्यांचं माहेर कोकणातलं, गरम पाण्याच्या कुंडाजवळचं. लहानपणी थंडीत शाळेत जायच्या आधी त्या कुंडात कशा डुंबायच्या, हे आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालंय की ते कुंड मीही पाहिलंय असं मला वाटतं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या त्याला बारा वर्षं झाली. इथल्या थंडीने त्यांच्या गुडघ्यांचं पार भजं केलं. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते, त्यामुळे त्यांचं कण्हणं उगाच नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. ऑपरेशनचं नाव काढलं की मात्र त्या ऐकू न आल्यासारखं करतात. "एकदा पोटभर गरम पाण्यात बसले ना, की बघ," एवढंच त्यांचं उत्तर.

माझी मुलगी कार्डिफला शिकते. ईस्टरच्या सुट्टीत ती घरी आली आणि आजीचं हे माकडांचं प्रकरण ऐकून तिने लॅपटॉपच उघडला. नवऱ्याला रजा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही तिघींनीच जायचं ठरवलं. क्योटोची देवळं, डोंगरातली एक जुनी पायवाट, आणि शेवटी दोन दिवस गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात मुक्काम.

मला एकाच गोष्टीची धास्ती होती. तिथे बायकांचं कुंड वेगळं असतं, पण पाण्यात अंगावर एक चिंधीही चालत नाही. हे सासूबाईंना सांगायचं कसं? मी आठवडाभर शब्द जुळवत होते. शेवटी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. त्यांनी शेंगेची शीर ओढून काढली आणि म्हणाल्या, "सगळ्याच उघड्या म्हटल्यावर कोण कोणाला बघतंय?" आणि पुढची शेंग घेतली.

माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच त्या संध्याकाळी लेक लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "मम्मी, प्रॉब्लेम आहे. बाथमध्ये टॅटू अलाउड नाहीये."

"टॅटू कोणाला आहे?" मी तिच्या मनगटांकडे बघितलं. "तू काढलायस?"

"मला नाही गं! आजीला."

गोंदण म्हणजे टॅटू, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सासूबाईंच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन आहे, उजव्या हातावर ठिपक्यांच्या ओळी, आणि हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. जत्रेत गोंदणाऱ्या बाईने काढलेले, त्या आठ वर्षांच्या होत्या तेव्हा. जपानमध्ये म्हणे अंगभर चित्रं काढून घेतात ती गुंडांच्या टोळीतली माणसं, म्हणून हा नियम. आमच्या घरात गुंडगिरी चालते, नाही असं नाही, पण ती स्वयंपाकघरापुरती.

हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, आणि त्याला कारण होतं.

आठ वर्षांपूर्वी डॉक्टर नवरा कन्सल्टंट झाला तेव्हा हॉस्पिटलातल्या लोकांची एक पार्टी होती. निघताना मी सासूबाईंच्या हातात माझी कन्सीलरची ट्यूब दिली आणि म्हणाले, "आई, हनुवटीला थोडं लावता का? फोटोत डाग दिसतो." डाग म्हणाले मी. त्यांनी आरशासमोर उभं राहून ते मुकाट्याने लावलं. त्या दिवशीच्या एकाही फोटोत ते तीन ठिपके नाहीत. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ते मला जास्त लागून राहिलं. आता परत मीच त्यांना म्हणायचं, की आई, ते झाका? माझी जीभ उचलेना.

मग मी चोरून उद्योग सुरू केले. गोंदण झाकायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, त्या मागवल्या. पाकिटावर 'स्किन कलर' असं लिहिलं होतं. हातावर लावून बघितली तर उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचा रंग. कोणाच्या स्किनचा कलर, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. सगळ्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या आणि त्या गावातल्या एका सरायीत तासाभरासाठी खासगी कुंड बुक केलं. आपण तिघी, दार बंद, प्रश्न मिटला.

"वेगळं कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला संकोच वाटेल म्हणून," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या.

जपान त्यांना पहिल्या दिवसापासून पटलं. तिथली माणसं घरात शिरताना चपला काढतात, यातच त्यांनी त्या देशाला पास करून टाकलं. बर्मिंगहॅममध्ये बॉयलर दुरुस्त करायला येणारा माणूस बुटांसकट जिना चढतो तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. क्योटोत देवळाबाहेर हात धुवायला पाण्याचं कुंड आणि लाकडी पळ्या होत्या, तेही पसंत. डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या बघून मात्र त्या खालीच बाकावर बसल्या. "तुम्ही या जाऊन, देव मला इथून दिसतोय," म्हणाल्या. आम्ही वरून आलो तोवर शेजारच्या बाईने त्यांना तिच्या डब्यातली रताळ्याची फोड दिलेली होती. दोघी एकमेकींना न कळणाऱ्या भाषांत रताळ्यांविषयी बोलत होत्या.

पायवाटेचा सपाट तुकडा त्या काठी टेकत चालल्या. दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडं, मधून फरशीची जुनी वाट. वळणावर एका खांबाला पितळी घंटा टांगलेली होती. सासूबाईंनी चपला काढल्या, घंटा वाजवली आणि डोळे मिटून हात जोडले.

"आजी, ते देवाची बेल नाहीये!" लेक हसून हसून खाली बसली. "तो बेअरसाठी आहे. अस्वल. आवाज आला की तो पळतो."

"मग पळेल की," सासूबाई चपला घालत म्हणाल्या. "नमस्कार केला म्हणून काही थांबणार नाही तो."

मी हसले. पण दिवसागणिक ते कुंड जवळ येत होतं. कुंडाचा तो नियम, माझं खोटं, सगळंच.

सरायीत पोचलो तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते. मालकीणबाई सासूबाईंच्याच वयाच्या, ताठ, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी वाकून नमस्कार केला, मग आणखी वाकल्या, आणि फोनमध्ये काहीतरी बोलल्या. फोनने त्याचं इंग्रजी करून सांगितलं: फार दिलगीर आहोत. लहान कुंडाचा पंप आज सकाळी बिघडला. कृपा करून बायकांचं मोठं कुंड वापरा. त्यांच्या मागच्या भिंतीवरच कागद लावलेला होता. चित्रातल्या माणसाच्या पाठीवर नक्षी आणि त्यावर लाल फुली.

खोलीत आले तर सासूबाई सरायीचा सुती झगा घालून, छोटा टॉवेल मांडीवर घेऊन तयार बसलेल्या. लहान मूल सहलीला निघताना बसतं तसं.

"चल, पाच वाजत आले."

"आई, आज बंद आहे. पंप बिघडलाय."

"आणि ते मोठं? मघाशी दोघी जाताना बघितल्या मी."

"तेपण," मी म्हणाले.

लेकीने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. सासूबाईंनी टॉवेलची घडी घातली. मग तिची आणखी एक घडी.

"पंपाचं खरं असेल," त्या म्हणाल्या. "मोठ्याचं खोटं बोलतेस."

मी बॅगेची चेन उघडायला लागले.

"नातीने मला कधीच सांगितलंय. एप्रिलमध्येच."

"सॉरी मम्मी," लेक पुटपुटली. "आजीने आस्क केलं, मग मी टेल केलं."

"तू कधी सांगतेस याची मी वाट बघत होते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "विमानात वाटलं, आता सांगशील. अगं, त्या लोकांचा नियम असेल तर मला सांगायला तुला काय झालं? म्हणजे त्या लोकांचं सोड. तुलाच माझी लाज वाटते."

मला रडूच फुटलं. पन्नाशीची बाई मी, चटईवर बसून मुलीसमोर नाक पुसत होते. नाही म्हणायचं होतं, पण तेही पुरतं खरं झालं नसतं.

सासूबाईंनी हात पुढे केले. आम्ही दोघींनी धरून त्यांना उठवलं. त्या थेट जिन्याकडे निघाल्या, आणि आम्ही त्यांच्या मागे. काउंटरवर त्यांनी झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, दोन्ही हात मालकीणबाईंसमोर ठेवले आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "बाई, हे असं आहे. जन्माचं आहे, पुसलं जात नाही. चालत असेल तर हो म्हणा, नसेल तर मी वर जाते."

मालकीणबाईंनी चष्मा लावला. तुळशीवृंदावन नीट बघितलं, ठिपक्यांच्या ओळी बघितल्या, मग हनुवटीकडे बघून आपल्या हनुवटीला बोट लावलं, जणू विचारत होत्या, इथे दुखलं असेल ना? सासूबाईंनी जोरात होकारार्थी मान हलवली. मग मालकीणबाई फोनमध्ये बोलल्या, आणि फोन म्हणाला: हा कागद भीतीदायक माणसांसाठी आहे. या आजी भीतीदायक आहेत का?

"कधी कधी," माझ्या तोंडून निघून गेलं. फोनने इमानदारीने तेही जपानीत सांगितलं.

मालकीणबाई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. आत जाऊन त्या पाण्यातल्या दोघींना विचारून आल्या, आणि पडदा बाजूला धरून उभ्या राहिल्या. या. चार महिने मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं, आणि मला एकदम भूक लागली.

आत गेल्यावर कळलं की संकोच वाटतोय तो मलाच. सासूबाई झगा टोपलीत ठेवून मोकळ्या झाल्या, मी अजून पट्ट्याची गाठ चाचपत उभी. "आटप," त्या म्हणाल्या. "मी काही तुझा एक्स-रे काढायला आलेली नाही." मग तिघी बुटक्या स्टुलांवर बसून साबण लावून स्वच्छ झालो, तसं केल्याशिवाय पाण्यात उतरायचं नसतं. सासूबाईंनी कठडा धरून एक पाय टाकला, मग दुसरा. पाण्यातल्या दोघींनी मान लववली आणि सरकून जागा केली. सासूबाई हळूहळू खाली गेल्या. पाणी खांद्यांवर आलं, मानेवर आलं, आणि हनुवटीच्या जरा खाली थांबलं. त्यांनी डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की त्या श्वासासाठी मी आणखी दहा विमानं पकडली असती.

लेक बाहेरच्या उघड्या कुंडात गेली. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून राहिलो. काचेबाहेर डोंगर होता, अजून उजेड होता. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं.

"आई," मी म्हणाले. "त्या पार्टीच्या दिवशी मला लाज वाटली होती. खरंच वाटली होती. आता नाही वाटत."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मलाही वाटली होती," त्या म्हणाल्या. "सगळ्या गोऱ्या डॉक्टरणी येणार होत्या. नाहीतर तू सांगितलंस म्हणून मी ते तोंडाला फासलं असतं होय?"

सव्वीस वर्षांत या बाईंनी माझं एकही ऐकलेलं नाही. कुकरच्या शिट्ट्यांपासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत एकही नाही. इतकी साधी गोष्ट, आणि आठ वर्षांत मला ती सुचली नव्हती. मी हसायला लागले ते थांबेचना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पलीकडच्या दोघी वळून बघू लागल्या. सासूबाईंनी पाण्याखालून माझा हात घट्ट धरला.

"हळू हस," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे बाहेर काढतील आपल्याला."