ईटची वीट

ती मोबाइल टेबलावर पालथा घालायची आणि वरून हाताचा पंजा ठेवायची, जणू एखादं बडबडं पोर गप्प बसवतेय. मग समोरच्या माणसाला म्हणायची, "हां, आता सांगा. घाई न्हाय." एवढं झालं की छापखान्यात आम्ही समजून जायचो, हा माणूस आता तासभर तरी उठत नाही.

छापखाना म्हणजे धाराशिवच्या बसस्टँडमागच्या बोळातला. मी तिथं लग्नपत्रिकांना घड्या घालायला लागले त्याला आता पंचवीस वर्षं झाली. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन या पत्रिकांवरच झालं म्हणा ना. घडी घालता घालता वाचायचं, वाचता वाचता चुका दिसायच्या. 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार उडाला की मालकांच्या आधी माझ्या डोळ्यात खुपायचा. शेवटी मालकांनी प्रुफंच माझ्या हातात दिली. हे सांगायचं कारण एवढंच, की तिची-माझी ओळख प्रुफातून झाली. तिच्या मजकुरात मला चूक सापडली की तिला आनंद व्हायचा. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

ती मूळची अणदूरकडची. चाळिशी ओलांडलेली, म्हाताऱ्या आईला घेऊन आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायची. नोकरी तिनं कुठं धरली नाही. ती लिहून द्यायची. कुणाला मानपत्र, कुणाला श्रद्धांजली, कुणाला शाळेच्या स्नेहसंमेलनाचं भाषण, कुणाला नव्या दुकानाची जाहिरात. मालकांनी खिडकीजवळचं टेबल तिला देऊन टाकलं होतं. पण घर चालायचं ते पुण्याच्या एका कंपनीच्या कामावर. ते विषय पाठवायचे, ही लेख पाठवायची.

एक दिवस पुण्याहून निरोप आला की आता लेख नकोत, यंत्र लिहून देतं. मला वाटलं, ही आता रडणार. मी पाणी आणायला उठले सुद्धा. ती निरोप दोनदा वाचून म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं, मावशी. म्या केरळवर बारा लेख लिवले. कुठं बगितलंय केरळ? न बगता लिवायचं असंल तर यंत्र काय वाईट हाय?"

आणि दुसऱ्याच दिवशी ते यंत्र तिनं आपल्या मोबाइलात घेतलं. ज्यानं आपलं काम नेलं त्यालाच घरात घ्यायचं, हे मला काही समजेना. पण बघायची हौस मलाही होती. तुमच्यातल्या कुणी हे पाहिलं नसेल तर सांगते. आपण बोलायचं किंवा टाइप करायचं, की समोर ओळी अशा सरसर येतात, जसं दुकानदार ताग्यातून कापड ओढतो. मी विचारलं, "आत कोण बसलंय गं?"

"कुणी न्हाय, मावशी. जगातलं लई लिवलेलं वाचून ठेवलंय त्येनं. त्यावरनं पुढचा शब्द काढतंय."

"म्हणजे माझ्यासारखंच. मी नाही का पत्रिका वाचून शिकले?"

"तुमच्यासारखंच," ती हसली. "फक्त तुम्ही लग्नालाबी जाता. ते जात न्हाय."

त्याचं नाव तिनं 'पाव्हणा' ठेवलं. म्हणायची, पाव्हणा बोलतो गोड, वाढलेलं सगळं खातो, पण आपल्या घरात मिठाचा डबा कुठं आहे ते त्याला ठाऊक नसतं.

पाव्हण्याकडून काम करून घ्यायची तिची पद्धत मी शेजारी बसून बघायची. तेरहून बायांचा एक बचतगट आला होता, त्यांना सरकारी नमुन्यातला प्रस्ताव हवा होता. ते काम तिनं सरळ पाव्हण्यावर टाकलं. पूर्वी ज्याला दीड दिवस लागायचा ते चहा थंड व्हायच्या आत झालं. आकडे, नावं, गावं तेवढी तिनं बोट ठेवून तपासली. म्हणाली, सरकारी भाषेत माणूस दिसला न्हाय तरी चालतंय.

पण माणसावर लिहायचं असलं की मोबाइल आधी पालथा. एक जण आईच्या श्रद्धांजलीसाठी आला. प्रेमळ होती, कष्टाळू होती, मनमिळाऊ होती, एवढंच सांगत बसला. हिनं विचारलं, आई चिडली की काय करायची? तो माणूस हळूच म्हणाला, "अंगण दोनदा झाडायची." ते तिनं वहीत लिहिलं. असं पानभर जमल्यावर मोबाइल सुलटा करून पाव्हण्याला सगळं वाचून दाखवलं आणि आधी उलटंच विचारलं, यात काय विचारायचं राहिलंय ते सांग. पाव्हण्यानं पाच प्रश्न काढले. चार आम्हाला फुकटचे वाटले. पाचवा होता, गल्लीतली माणसं त्यांना काय म्हणून हाक मारायची? तो माणूस म्हणाला, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा अक्काच म्हणायची. ती पाव्हण्यावर लई खूश झाली. मला म्हणाली, "बगा, हे माझ्या ध्यानातच आलं नसतं."

मग पाव्हण्याकडून आठ ओळी करून घ्यायच्या आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. गुळगुळीत ओळ आली की तिचं बोट वर. "हे कुणाचंबी असू शकतंय, मावशी." की काट. एकदा एका मुख्याध्यापकांच्या मानपत्रात 'ज्ञानाचा दीपस्तंभ' आलं. ती म्हणाली, "आपल्यापासनं समुद्र किती लांब हाय? इथं कुणी बगितलाय का दीपस्तंभ?" ते मुख्याध्यापक समोरच बसलेले. त्यांचा चेहरा जरा पडला. त्यांना दीपस्तंभ आवडला होता.

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. पुण्याचं काम गेलं, म्हणजे उरला तो गावाचा विश्वास. यंत्र काय, प्रत्येकाच्या खिशात आहे. ही बाई नुसतं यंत्रातलं काढून देते असं एकदा लोकांच्या मनात बसलं, की खिडकीजवळचं टेबल रिकामं. ती हे मला दोन-तीनदा बोललीही होती. आणि तरी ते ईटचं झालं.

ईट हे भूम तालुक्यातलं मोठं गाव. तिथल्या एक शिक्षिका निवृत्त व्हायच्या होत्या, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना मानपत्र द्यायचं होतं. त्या आठवड्यात हिच्या हातात सात कामं होती, शिवाय आईची तब्येत बरी नव्हती. ईटला जाणं झालं नाही. एका विद्यार्थ्यानं मोबाइलवर बोलून माहिती पाठवली, त्या बोलण्याचा मजकूर यंत्रानंच केला, आणि तो तसाच पाव्हण्याकडे गेला. त्यात एक वाक्य होतं, 'बाईंनी ईटची लेकरं घडवली.'

पाव्हण्यानं लिहिलं की वीटभट्टीच्या धुरात, लाल मातीनं माखलेल्या चिमुकल्या हातांत बाईंनी पाटी दिली. कच्च्या विटांच्या ओळींमध्ये बसून त्यांनी अक्षरं गिरवून घेतली. तिनं ते वाचून दाखवलं आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, पदर लावला मी डोळ्याला. तिचं बोट वर गेलं नाही. जाणार कसं? हे कुणाचंही असू शकेल असं नव्हतंच. एकट्या त्या बाईंचंच वाटत होतं. म्हणून तर आम्ही दोघी फसलो. प्रूफ मी वाचलं. अनुस्वार सगळे जागेवर होते. छापून, काच लावून, फ्रेम ईटला गेली.

समारंभाला आम्हीही गेलो. मलाच त्या बाईंना बघायचं होतं. मांडव भरलेला. एका विद्यार्थ्यानं माइकवर मानपत्र वाचलं, आणि भट्टीचं आलं तशी कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठून म्हणाले, "बाई, तुम्ही भट्टीवर कवा गेलता ओ?" अख्खा मांडव हसला. मग कुणाला तरी उमगलं. "आरं, ईटची वीट केली की!" पुन्हा हशा. आमच्याकडं विटेलाही ईटच म्हणतात.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माइक घेतला. म्हणाल्या, भट्टी होती की, ओढ्याच्या कडेला. दिवाळी झाली की बाहेरगावची माणसं यायची, लेकरंबाळं घेऊन. शाळेला जायची माझी वाट तिथूनच. लेकरं डोक्यावर विटा घेऊन चाललेली मला रोज दिसायची.

"एकदाबी थांबले न्हाय मी," त्या म्हणाल्या. "पटावर नाव न्हाय, म्हणजे आपलं लेकरू न्हाय, असं वाटायचं. आणि इथं लिवलंय, मी त्यांना पाटी दिली. हे घरात कुठल्या भितीला लावू मी?"

हसण्यावारी जाणारी चूक होती ती, पण बाईंनी ती जाऊ दिली नाही. आणि तेवढ्यात माझ्या शेजारची उठली. पुढं जाऊन माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, की हे मी लिहिलंय, बाईंना न भेटता लिहिलंय. मागून कुणीतरी तिला सुटकेची वाट करून दिली, "यंत्राची चूक हाय म्हणा की, ताई." मला वाटलं, म्हणेल. सगळ्यांनी मानलंही असतं.

"यंत्राला ईट कुठं ठावं हाय?" ती म्हणाली. "मला ठावं हुतं."

फ्रेम आम्ही परत घेतली. पण लगेच निघालो नाही. बाईंच्या घरी ओसरीवर ती त्यांच्यासमोर बसली, मोबाइल पिशवीत, वही मांडीवर. दुपार झाली, चहा झाला, मला डुलकी लागली, भूमची एक गाडी गेली. बाई सांगत होत्या आणि हिचं एकच चाललं होतं, "बरं, मग?"

नवं मानपत्र आठ दिवसांनी तयार झालं. शेवटची ओळ बाईंनी हट्टानं घालायला लावली होती. 'भट्टीवरची लेकरं राहिली, हे बाईंना आजही आठवतं.' पाव्हण्यानं फार नम्रपणे सुचवलं की मानपत्रात असं वाक्य शोभत नाही, काढावं. तिनं ते मला वाचून दाखवलं. म्हणाली, त्याचं चुकलं न्हाय, मानपत्रं तशीच असतात. मग पाव्हण्याकडून वरच्या दोन लांबलेल्या ओळी आखडून घेतल्या, तेवढी जागा केली, आणि ती ओळ ठेवली. बाईंना ते मानपत्र द्यायला ती एकटीच ईटला गेली. कुठल्या भिंतीला लागलं, ते मला तिनं सांगितलं नाही.

त्यानंतर तिच्या टेबलावर एक लाल पेन आला. पाव्हण्यानं लिहिलेला मजकूर कागदावर काढायची, शेजारी वही उघडायची, आणि वहीत नसलेला एकेक शब्द लाल करायची. "हे कुणी सांगितलं?" म्हणून मला विचारायची. मी म्हणायची, कुणी नाही. मग तो शब्द कितीही गोजिरवाणा असो, गेला. कधी कधी अर्धा कागद लाल व्हायचा, आणि मला त्या ओळींची खरंच दया यायची.

लोकांचं म्हणाल, तर दोन-तीन महिने टेबल रिकामंच होतं. गल्लीत तिचं नाव 'वीटवाली' पडलं. ती त्या नावाला ओ द्यायची. मग ईटचीच माणसं यायला लागली. पहिले आले ते मांडवात उठलेले म्हातारे. बायकोच्या वर्षश्राद्धाची पत्रिका होती. मी म्हणाले, अहो, तुम्हीच तर हसवलंत सगळ्यांना. ते म्हणाले, "व्हय. पर ह्या ताई उठून उभ्या ऱ्हायल्या न्हवं." आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या डायलिसिससाठी तिला सोलापूरला राहायला जावं लागलं. काम तिथूनही चालतं, फोनवर माणसांशी तासन्‌तास बोलते म्हणे. इथल्या खिडकीजवळच्या टेबलावर आता लॅमिनेशनचं मशीन आहे. ते गरम झालं की वास सुटतो आणि मी खिडकी उघडते.

गेली त्या दिवशी मी स्टँडवर गेले होते. सामान टेम्पोतून पुढं गेलेलं. आईला खिडकीशी बसवलं, आणि हिच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. मी लुगड्याचा पदर सारून बघितलं, तर ती पहिली फ्रेम. मला वाटलं होतं, मालकांनी केव्हाच काच काढून घेतली असेल.

कंडक्टर आला आणि म्हणाला, ते वर रॅकवर टाका. ती नको म्हणाली.

"फोटो हाय का कुणाचा?"

"न्हाय," ती म्हणाली. "माझी चूक हाय."

कंडक्टरनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा त्या लुगड्याकडं. मग तिकीट फाडत म्हणाला, "मग मांडीवरच धरा, ताई. फुडं स्पीडब्रेकर लई हायेत."