वाटी झाकणारा उंदीर

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या कशावरही विश्वास नव्हता. आई मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला आली की मी खोलीतून उठून जायचे. शिक्षण फार्मॅकॉलॉजीचं, नोकरी लॅबमधली. तेव्हा 'ताई, झोप होते का नीट?' अशी कमेंट टाकायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांनी खुशाल टाका. मी घाबरले म्हणून हे लिहीत नाहीये. संताप झाला म्हणून लिहितेय, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहते. लॅब घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. नाव देत नाही, नोकरी टिकवायचीय. आमचं काम म्हणजे व्यसन कसं लागतं ते उंदरांवर बघणं. पिंजऱ्याएवढी एक पेटी, तिच्यात एक छोटी दांडी. उंदराने दांडी दाबली की दारूचे काही थेंब त्याच्यासमोर येतात. बाकी जबरदस्ती काही नाही, दाबायचं की नाही हे त्याने ठरवायचं. बहुतेक उंदीर थोडंफार पितात आणि सोडून देतात. काही मात्र दांडी दाबल्यावर पायाला हलका शॉक बसला तरी दाबतच राहतात. आमच्या सरांना हवे असतात ते हेच. ओळखू यावेत म्हणून आम्ही त्यांच्या शेपटीवर मार्करने पट्टे काढतो. ही गोष्ट ज्याची, तो त्यातलाच एक, दोन पट्ट्यांचा.

आता माझ्या दादाबद्दल. मोठा भाऊ. शहाडला आई आणि वहिनीबरोबर राहतो, खोपटला एका गॅरेजमध्ये बसची इंजिनं उघडतो. हातात कला आहे. आणि पितो. रोज संध्याकाळी, न चुकता. शेजारच्या बिल्डिंगमध्ये आमचे काका राहतात. बाबा गेल्यापासून घरातला मोठा माणूस म्हणजे तेच, उंटावरचे शहाणे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "मनावर घेतलं तर काय सुटत नाही?" लॅबमध्ये मी इतकी वर्षं काढली, पण शॉक खाऊनही दांडी दाबणाऱ्या उंदराला आमच्यापैकी कोणी कधी म्हटलं नाही की बाबा रे, तुझ्यात इच्छाशक्ती नाही. ते आपण फक्त माणसांना म्हणतो. हे मी काकांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी चहा पूर्ण केला आणि म्हणाले, "तू उंदरांचं बघ."

तर, उंदरांचं सांगते.

या प्रयोगात खाणं मोजून द्यायचं असतं, म्हणून दुपारी पेटीतलं काम झालं की मी प्रत्येकाच्या पिंजऱ्यात गोळ्यांची वाटी ठेवायचे. भुकेलेले असतात, तुटून पडतात. एका मंगळवारी दोन पट्ट्यांचा वाटीजवळ आला, वास घेतला आणि मागे सरकला. मग पुढच्या पायांनी खालचा लाकडाचा भुसा ओढून ओढून वाटीवर टाकायला लागला. वाटी पूर्ण झाकली जाईपर्यंत. एवढं करून वर दोन्ही पंजे ठेवून बसला.

आता हे काही अद्भुत नाही. उंदराला एखादी गोष्ट धोक्याची वाटली की तो ती पुरतो, पुस्तकात आहे. मी गोळ्या बदलल्या, वाटी बदलली, हातमोजे बदलले. त्याच पिशवीतल्या गोळ्या बाजूचे सगळे चवीने खात होते. मनाली, माझ्याबरोबर काम करणारी, तिने वाटी ठेवून बघितली. तेच. दुसऱ्या दिवशी मात्र पठ्ठ्याने सगळं खाल्लं. शनिवारी पुन्हा झाकलं, पुढच्या मंगळवारी पुन्हा.

"मंगळवार-शनिवारच का गं?" मनाली म्हणाली. "उपास करतो काय हा?"

आम्ही हसलो. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वजन घटतंय का त्याचं? नाही ना? मग सोड."

त्याच सुमारास वहिनीचा फोन आला. दादा गॅरेजमध्ये कोसळला होता. तोंड लालबुंद, उलट्या, छातीत इतकी धडधड की जवळच्या पोराने हात लावला तर त्यालाही कळत होती. डॉक्टरने अॅसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या. मी फोनवर विचारलं, असं आधी कधी झालेलं? वहिनी म्हणाली, "हल्ली दोनदा झालं, ताई." आणि घाईने फोन ठेवला. एरवी तिचा फोन अर्धा तास चालतो, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी अर्धा दिवस टाकून शहाडला गेले. दादाची सुट्टी शनिवारची. निघण्याआधी वाट्या ठेवल्या होत्या आणि दोन पट्ट्यांचा भुसा ओढून पंजे ठेवून बसला होता. मी पाहिलं आणि निघाले.

जेवायला बसलो. दादा आणि मी समोरासमोर, आई बाजूला. भात, आमटी, बटाट्याची भाजी. वहिनीने आम्हाला आमटी पातेल्यातून वाढली. दादाची वाटी मात्र आतून भरून आणली. दादाने हात पुढे केला...

आणि माझा हात त्या वाटीवर गेला. मी नेला नाही. गेला. पालथा तळवा, वाटी पूर्ण झाकलेली. आमटी गरम होती, वाफेने तळहात भाजत होता, तरी मला तो उचलता येईना. मी स्वतःच माझ्या हाताकडे बघत राहिले.

"काय गं?" दादा म्हणाला.

वहिनीच्या हातातला डाव खाली पडला. ती भिंतीला टेकली. "तुम्हाला कोणी सांगितलं, ताई?"

मला कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. भिंतीवरच्या त्या जाहिराती तुम्हीही बघितल्या असतील... पेशंटच्या नकळत दारू सोडवा. काकांनी कल्याणहून कुठल्याशा बाबाकडून पुड्या आणल्या होत्या. जेवणात मिसळायच्या, माणसाला कळू द्यायचं नाही, कळलं तर गुण जातो. वार कोणते? मंगळवार आणि शनिवार. मंगळवारी डब्यात, शनिवारी ताटात. गुण येत नाही म्हणून बाबाने आजपासून दोन पुड्या घालायला सांगितल्या होत्या. वहिनी बिचारी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी. काकांना नाही म्हणायची तिची टाप नव्हती.

पुडी मी दुसऱ्या एका लॅबमधल्या मैत्रिणीकडून तपासून घेतली. मला शंका होती तेच निघालं. दारूबरोबर पोटात गेलं की दारूचंच विष करणारं औषध. डॉक्टर ते देतात, नाही असं नाही. पण पेशंटला समोर बसवून, हृदय तपासून, 'आता थेंबभरही घेतलीस तर मरशील' असं बजावून देतात. इथे पिणाऱ्याला पत्ताच नाही, आणि तो रोज संध्याकाळी पितोय. दोन पुड्यांवर त्या दिवशी काय झालं असतं, हे मला चांगलं कळतं. माझं शिक्षणच त्याचं आहे.

काका आले. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते म्हणाले, "आम्ही त्याच्या भल्यासाठीच केलं." मी म्हटलं, उंदराला काही द्यायचं तरी आम्हाला कमिटीची परवानगी लागते, तुम्ही कोणाची घेतलीत? ते तरातरा निघून गेले. दादा इतका वेळ ताटाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "मला विचारायचं ना. मी घेतलं असतं. सांगून दिलं असतं तर घेतलं असतं मी."

त्यानंतर त्याला मी नीट डॉक्टरकडे नेलं. आता गोळ्या वेगळ्या आहेत, त्याच्या स्वतःच्या हाताने घेतो. पिणं कमी झालं, बंद नाही. लॅबमध्ये पुढचा मंगळवार आला. दोन पट्ट्यांच्याने वाटी चाटून पुसून खाल्ली. शनिवारीही. मनाली म्हणाली, "सुटला उपास." तिला मी काही सांगितलं नाही. योगायोग, मी स्वतःला म्हटलं. हाताचं काय, ते मात्र स्वतःलाही विचारलं नाही.

मग प्रयोग संपत आला. संपला की उंदीर जिवंत ठेवत नाहीत, तो नियम आहे आणि मी तो वर्षानुवर्षं पाळलाय. तरी सरांकडे गेले. म्हटलं, दोन पट्ट्यांचा राहू दे, मी घरी नेते.

"तसं करता येत नाही, माहितेय तुला," सर म्हणाले. "आणि त्याचे आकडे तर आपण धरलेलेही नाहीत. इतरांत बसत नाही तो."

शेवटचा दिवस गुरुवार होता. मी वाट्या ठेवल्या. त्याने वास घेतला, मागे सरकला आणि भुसा ओढायला लागला.

गुरुवारी.

मी हातमोजे न काढताच वहिनीला फोन लावला. "आज डब्यात काही घातलंय?" ती शपथ घेऊन म्हणाली, नाही, त्या दिवसानंतर पुडी घरात आली नाही. आणि मागून आईचं रडणं ऐकू आलं. काका सकाळी येऊन गेले होते. नवीन बाबा, नवीन पुडी, वार गुरुवार. वहिनी आंघोळीला गेली असताना आईने आपल्या हाताने आमटीत कालवली होती. आईने.

दादा फोन उचलेना. रिक्षा केली, खोपटला उतरले, गॅरेजमध्ये शिरले. तो डबा उघडून बसला होता, हात धुतलेले, घास मोडलेला. आमटीचा डबा उचलून मी गटारात ओतला. मग विचारलं, काल घेतली होतीस? मानेनेच हो म्हणाला. आम्ही दोघं तिथे टायरवर बसून वडापाव खाल्ला.

लॅबमध्ये परतले तेव्हा पिंजरे धुऊन पालथे घातले होते. सरांना संध्याकाळी मीटिंग होती, म्हणून त्यांनी काम आधीच उरकून घेतलं होतं. मनालीने माझ्याकडे बघितलं आणि नळ बंद केला.

मी खूप विचार केला. वास म्हणा, योगायोग म्हणा, माझ्या हातापायांची भाषा त्याला कळली म्हणा. पण मलाच जे ठाऊक नव्हतं ते त्याला माझ्याकडून कसं कळणार? ज्याला सुचेल त्याने सांगा, टिंगल करणाऱ्यांनी नका सांगू.

काका आता माझ्याशी बोलत नाहीत. पण त्यांनी पुड्या आणणं थांबवलंय असं मला वाटत नाही, आणि आई त्यांना नाही म्हणणार नाही. रोज दुपारी लॅबमध्ये मी नव्या उंदरांपुढे वाट्या ठेवते. सगळे खातात. मी तरी एकेका पिंजऱ्यापाशी थांबते, आणि मग दादाला फोन करते. "डबा उघडलास? वास घे आधी."