समोर बसायची नोकरी

चिमणीमामांना पाखरांची आवड अशी कधीच नव्हती. तरुणपणी ते एका फोटो स्टुडिओत लागले आणि कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून "ती बघ चिमणी" म्हणायचं काम त्यांच्याकडे आलं, एवढंच. फोटो मालक काढायचे, हसवायचे मामा. रडून लालबुंद झालेलं असो, नव्या कपड्यांनी टोचलेलं असो, नाहीतर नुकतंच मालकाच्या अंगावर दूध ओकलेलं असो, मामांनी भुवया उडवून गाल फुगवले की बाळ खुदकन हसलंच. गावातल्या निम्म्या घरांत भिंतीवर जी बाळं हसताहेत, ती मामांकडे बघून हसताहेत. मामा मात्र एकाही फोटोत नाहीत.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, फोनात कॅमेरा आला आणि मालकांनी स्टुडिओला कुलूप घातलं. मामा घरी बसले. घरात हसवायला बायकोच होती, आणि ती लग्नाच्या फोटोतसुद्धा हसली नव्हती.

अशा कठीण काळात त्यांना कानांच्या दवाखान्यात काम मिळालं. तिथल्या मॅडम तान्ह्या मुलांचं ऐकणं तपासायच्या, आणि बाळांच्या बडबडीवर त्यांचं संशोधनही चालायचं. त्यांना बाळासमोर बसायला माणूस हवा होता. मामांनी पहिल्याच दिवशी आपला सगळा खजिना उघडला. समोरचं बाळ हसून हसून आईच्या मांडीवरून घसरलं. काचेपलीकडे बसलेल्या मॅडमही हसल्या. मग डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "फारच छान. आता यातलं काहीही करायचं नाही."

कामच तसं होतं. जाड भिंतींची, बाहेरचा आवाज आत न येणारी खोली. बाळ आईच्या मांडीवर आणि समोर छोट्या टेबलापाशी मामा. डाव्या-उजव्या कोपऱ्यात स्पीकर आणि त्यांच्याशेजारी एकेक काळी पेटी. मॅडम काचेपलीकडून कधी या बाजूने, कधी त्या बाजूने आवाज सोडायच्या. बाळाने तिकडे मान वळवली की पेटीत दिवा लागायचा आणि आतलं अस्वल ढोल बडवायचं. मामांनी बाळाची नजर मध्यावर धरायची, पण अलगद. फार कंटाळवाणं झालं तर बाळ उगाचच इकडेतिकडे बघणार. फार गंमत केली तर आवाज ऐकूनही वळणार नाही. आणि आवाज कधी आला ते मोठ्यांच्या चेहऱ्यावरून बाळाला कळू नये म्हणून मामांच्या आणि आईच्या कानांवर हेडफोन. त्यांत गाणी चालू.

जन्मभर भरून वाढणाऱ्या हाताला चिमटीने वाढायला सांगावं, तशी मामांची गत झाली. सुरुवातीला हेडफोनमधली गाणी मध्येच थांबवून मॅडमचा आवाज यायचा, "मामा, कमी." हळूहळू जमलं. बाळाला धड सोडवतही नाही आणि धड रमवतही नाही असा एक चेहरा त्यांनी तयार केला. बायकोचं म्हणणं, हा चेहरा तिने घरी बाजारहाटाचा विषय निघाला की पूर्वीपासूनच पाहिलेला होता.

मॅडमकडून चहाच्या वेळी ऐकलेलं ज्ञान मामा घरी आणून वाटायचे. सगळी बाळं आधी "आऽ ऊऽ" करतात, कमी ऐकू येणारीसुद्धा. घरचे तिथेच फसतात. मग सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास "बाबाबा, दादादा" अशी माळ ओवायला लागतात. ती माळ कानांवर पडलेल्या आवाजांवर ओवली जाते. ती लांबली, तर कान तपासून घ्यावेत. हे सांगताना मामा दोन्ही प्रकारची बाळं हुबेहूब करून दाखवायचे, आणि त्यांची नात ढमी हसून लोळायची.

ढमी म्हणजे मामांच्या मुलाची मुलगी. मामांना आयुष्यात लाभलेला सर्वांत चांगला प्रेक्षक. घरी मामांना चेहरा आवरायची गरज नव्हती, त्यामुळे दवाखान्यात दिवसभर साठलेलं सगळं ते संध्याकाळी तिच्यासमोर ओतायचे. तिच्यासमोर बसावं, गाल फुगवावेत, तोंडाने मोटार सुरू करावी. ढमी हातपाय झाडून दाद द्यायची.

एकदा भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "अहो, ढमी तुमची ती माळ ओवत नाही. दहावा लागला तिला."

मामा म्हणाले की आपल्या घराण्यात बोलायला उशीरच लागतो, मात्र एकदा सुरू झालं की थांबवायला माणूस ठेवावा लागतो. शिवाय जन्मली तेव्हाची तपासणी ठीक होती. आणि आपल्या प्रत्येक आवाजाला ती हसते, ते काय कान नसताना?

बायको निवडलेली भाजी चाळणीत टाकत म्हणाली, "समोरून. तुम्ही नेहमी समोरूनच करता."

मामांनी तेव्हाही काहीतरी विनोद केला. पण तो त्यांच्या स्वतःच्याच गळी उतरेना. ढमी चटईवर पाठमोरी बसून डबा उलटापालटा करत होती. मामा पायांतल्या चपला काढून तिच्या मागे गेले आणि तोंडाने आपली खास मोटार सुरू केली. एरवी या मोटारीला शेजारी खिडकी लावून घ्यायचे. ढमी डबा उलटा करत राहिली. मामांनी मोटार चढणीला लावली. ढमीने डबा सुलटा केला. मग मामा वळसा घालून पुढे आले, आवाज न करता नुसते गाल फुगवले, आणि ढमी खुदकन हसली.

मामांचे गाल फुगलेलेच राहिले. ती ऐकून हसत नव्हती. बघून हसत होती.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की घरच्या माणसाने समोर बसायचं नसतं. मामांच्या जागी दुसऱ्या विभागातली एक ताई आली. तिला बघताच ढमीने असा गळा काढला की जाड भिंतींचीही परीक्षा झाली. खेळणं दाखवलं, बाहुली दाखवली; रडणं चढतच गेलं. शेवटी मॅडमनी दार उघडलं. मामा बाकाच्या कडेवर टोपी चुरगळत बसले होते.

"मामा, तुम्हीच बसा," मॅडम म्हणाल्या. "पण आजोबांना इथे बाकावर ठेवून आत या."

मामा आत गेले. ढमी सुनेच्या मांडीवर होती. मामा दिसताच तिचं रडणं मध्येच थांबलं, आणि नाकात शेंबूड असतानाच ती हसली. मामांनी हेडफोन चढवले, लाकडी चकत्या काढल्या आणि एकावर एक ठेवायला सुरुवात केली. चेहरा अगदी तिकिटाच्या खिडकीमागे बसतात तसा. ढमीला वाटलं हा नवाच खेळ. ती आणखी हसली. टेबलावर थापा मारल्या. पुढे झुकून आजोबांचे गाल दाबून पाहिले, बहुधा यांची हवा कुठे गेली म्हणून.

गाणं थांबलं. "मामा, अजून कमी."

आता आणखी कमी करायला मी उरलोय कुठे, असं मामांच्या मनात आलं. त्यांनी नजर चकत्यांवर रोखली. एक चकती ठेवायची, एक काढायची. नातीला कंटाळा यावा म्हणून जगात एखाद्या आजोबाने इतकी मेहनत घेतली नसेल. अखेर ढमीचं हसू ओसरलं. तीही चकत्यांकडे बघू लागली.

आता आवाज येत असणार. कुठल्या बाजूने, किती मोठा, मामांना कळायला मार्ग नव्हता. दिसत होते फक्त ढमीचे डोळे, आणि ते चकतीवरून हलत नव्हते. मामांनी चकती ठेवली. काढली. पुन्हा ठेवली. पेट्या काळ्याच राहिल्या.

मग एकाएकी ढमीची मान उजवीकडे वळली. दिवा लागला, अस्वल ढोल बडवू लागलं. मामांना वाटलं, आहे, ऐकू येतंय. त्यांनी आनंदाने सुनेकडे पाहिलं. सून हेडफोन काढत होती, म्हणून मामांनीही आपले काढले.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं लक्ष तिच्याकडे होतं, पण तो आवाज मला माझ्या गाण्यातूनसुद्धा ऐकू आला."

पुढे आणखी तपासण्या झाल्या. मॅडमनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं. ढमीला अजिबात ऐकू येत नाही असं नव्हतं. हळू आवाज आणि साधं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. जन्मावेळी ठीक असलेले कान नंतर मंदावू शकतात, त्यात कोणाची चूक नसते. कानांना यंत्रं लावू, लवकर लावू. मामांनी खाली मान घालून विचारलं की माझ्या माकडचाळ्यांमुळेच हे झाकलं गेलं ना.

"थोडं झाकलं गेलं," मॅडम म्हणाल्या. खोटा धीर द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "पण मामा, तुम्ही काहीतरी केलं की आपण काहीतरी करायचं, हे ती तुमच्याकडूनच शिकली. गप्पांची अर्धी तयारी झालीये. आता आवाज पोचवू. चाळे बंद करू नका."

एवढी रीतसर परवानगी मामांना आयुष्यात कोणी दिली नव्हती.

यंत्रं आली. इवलीशी, कानामागे बसणारी. ढमीने पहिल्या दिवशी एक तोंडात घातलं आणि दुसरं आजीच्या चपलेत लपवलं. आजीने दोरी लावून ती फ्रॉकला अडकवली. सारं घर तिच्यामागे डोळ्यांत तेल घालून फिरू लागलं आणि दिवसभर बोलू लागलं. आजी भाजी निवडताना कुठली किडकी, कुठली चांगली हे ढमीला सांगायची. मुलगा मुळात घुम्या. तोही बुटाची नाडी बांधताना "आता नाडी, आता गाठ" करू लागला. मामांची मोटार आता मागूनही येऊ लागली, आणि ढमी मान वळवून तिला वाट देऊ लागली.

मग एका सकाळी मामा तोंडाला साबण लावून दाढी करत असताना पाठीमागून आवाज आला, "दादादादादा."

मामांनी गाल कापून घेतला. सून चूल तशीच सोडून धावली. मुलगा म्हणाला, मला हाक मारली. आजी म्हणाली, तू बाप आहेस, घरात दादा कोणीच नाही; आणि पदर तोंडाला लावून हसली. मामा कापलेल्या गालाने तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांनी हसली, आणि तेही दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजाला.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होती, या खेपेला कानांत यंत्रं घालून. मामांना बाकावर बसून राहायची तयारी ठेवायला सांगितलं होतं, पण ढमीने मॅडमसमोर त्यांचं बोट सोडलं नाही. तीच खोली, त्याच चकत्या. मामांनी हेडफोन चढवले आणि तिकीट खिडकीचा चेहरा लावला. ढमीने आजोबांकडे एकदा पाहिलं आणि चकत्यांकडे वळली.

थोड्याच वेळात तिची मान डावीकडे गेली. अस्वल नाचलं. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. मामांनी हळूच सुनेकडे पाहिलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं, ती आपली गाण्यावर पाऊल हलवत होती. ढमी आता आजोबांकडे बघेचना. चकती ठेवली काय नि काढली काय. समोर होता तो तिचा गाल, कानामागचं यंत्र आणि फ्रॉकला बांधलेली दोरी.

गाणं थांबलं. "मामा, आज तुमचा खेळ अगदीच पडला हो," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला होता.

मामांनी मान हलवली आणि आणखी एक चकती ठेवली. उभ्या आयुष्यात एकाही बाळाने त्यांच्याकडे इतका वेळ पाठ फिरवली नव्हती. आज त्यांची स्वतःची नात मान वळवून कोपऱ्याकडे कान लावून बसली होती. तिकडे काहीतरी वाजत असणार, अगदी हळू. मामांना ऐकू येत नव्हतं, सुनेलाही नाही. त्या खोलीत ते एकट्या ढमीला ऐकू येत होतं.