उपासाआधीची माफी

निजामाविरुद्धचं पोलीस ॲक्शन नुकतंच झालं होतं. जालन्याच्या दवाखान्यात मी पाय मोडून पडलो होतो. शेजारच्या खाटेवर एक जखमी रझाकार होता. कोकणातली यहुदी नर्स त्याची पट्टी मुद्दाम ओढून काढायची. तिचा भाऊ रझाकारांच्या गोळीनं गेल्ता. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी ती त्याच्यापुढं हात जोडून उभी राहिली.

“उद्या आमचा प्रायश्चित्ताचा उपास. माणसाला दुखवलं तर देव परस्पर माफ करत नाही, माफी त्या माणसाकडेच मागावी लागते. मी तुम्हाला मुद्दाम दुखवलं. माफ करा.”

तो म्हणाला, “माफ केलं, आपा. पर मी ज्यांना मारलं ते तर न्हाईत. मी कोणाकडं मागू?”

स्टूल ओढून ती त्याच्याजवळ बसली. इतकी दमलेली दोन माणसं शेजारी बसलेली मी पुन्हा पाहिली नाहीत.