शांताक्कांचं उलथनं आणि अप्पांचा सरदार

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तव्यावरची भाकरी उलटत होते. त्यांचा नातू बोलत होता, "बाई, अप्पा गेले..." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. हातातल्या उलथन्याकडे बघत उभी राहिले, भाकरी करपली, आणि रडू येण्याआधी मला चक्क हसू आलं. घरच्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. त्यांचंही बरोबरच होतं. पण मानवतच्या मोंढ्यात राहून ज्यांनी महालिंगअप्पांना उलथनं घेऊन लढताना पाहिलंय, ते मला नावं ठेवणार नाहीत. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आज ते हसू कुठून आलं ते सांगावंसं वाटतंय.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची ती वर्षं. मी मानवतच्या शाळेत मराठी शिकवायला नवीनच लागले होते आणि अप्पांच्या शेजारी एक खोली भाड्याने घेतली होती. अप्पांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भुसाराचं छोटं दुकान. किडकिडीत अंगकाठी, पांढरी टोपी, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग, आणि आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडून जाणारा. दिवे लागले की त्यांचा ओटा माणसांनी भरायचा. अप्पांनी आयुष्यात एकच कादंबरी वाचली होती. एका परदेशी साहसकथेचा जुना मराठी अनुवाद होता तो. तलवारबाजी, किल्ले, दगाबाज दिवाण, घोड्यांचे पाठलाग, सगळं त्यात होतं. कादंबरीचं आणि नायकाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण अप्पांच्या तोंडी त्या नावाचं जे झालं होतं ते वाचून मूळ लेखक कबरीतून उठून मानवतला येईल. गावाला नायक ठाऊक होता तो नुसता 'सरदार' म्हणून. गोष्ट संपली की लोक म्हणत, "अप्पा, पुन्ना पयल्यापासनं." आणि अप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

तेव्हा कोण कोणाच्या ओट्यावर बसतो यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते गाव ठरवायचं. काही वस्त्यांनी त्या काळात जे सोसलं ते हसून सांगण्यासारखं नाही. अप्पांच्या ओट्यावर मात्र कोणीही येऊन बसे. एकदा एका गृहस्थांनी कुजबुजत कोणाकडे तरी बोट दाखवलं, तर अप्पा भर लढाईत थांबून म्हणाले, "गोष्टीला आल्याल्या माणसाला मी आडनाव इचारत न्हाई. तुमाला इचारलं का?" आणि सरदाराने पुढचा वार केला.

हा वार उलथन्याने व्हायचा. शांताक्कांच्या, म्हणजे अप्पांच्या पत्नीच्या चुलीजवळचं लांब दांड्याचं लोखंडी उलथनं अप्पा रोज गुपचूप उचलून आणत. ऐन द्वंद्वात, दिवाणाच्या छातीला टोक टेकलेलं असताना आतून हाक यायची, "भाकरी करपायलीय! आणा ते उलथनं!" मग गोष्ट तिथेच थांबायची. उलथनं आत जायचं, भाकरी उलटली जायची, आणि ते परत येईपर्यंत दिवाणाला जीवदान मिळायचं. एकदा आवेशात अप्पांनी ओट्याच्या खांबावर असं हाणलं की उलथन्याचं टोक वाकलं. ते नंतर कोणत्याही लोहाराकडून पूर्ण सरळ झालं नाही.

गावाला त्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडायची ती सराईवाली. सरदार रात्रंदिवस घोडा दौडवून एका सराईत येतो. अंगावर जखमा, डोळ्यांत अंगार. सराईची मालकीण दारातच त्याला अडवते आणि म्हणते, "तलवार भायेर ठेव. पाय धू. मंग जेव." सरदार म्हणतो, मला राज्य वाचवायचंय. ती म्हणते, "राज्य कुठं पळून चाललंय का? भाकर गार व्हायलीय." आणि तो शूर माणूस निमूटपणे पाय धुतो. इथे ओटा हसून लोळायचा. पाथरीच्या बाजाराहून येणारी माणसं जीपवाल्याला घाई करत, "सराईवाली निघून जाईल, चल लवकर!" अडचण एवढीच होती की मी ती कादंबरी कॉलेजात असताना वाचली होती आणि तिच्यात अशी बाई कुठेच नव्हती. मी एकदा अप्पांना एकटं गाठून विचारलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकात कुणीतरी गाळली असंल. कापाकापी लय करतेत हे लोक." मी पुढे वाद घातला नाही.

आणि मग हिवाळ्यात चाँदभाईंची टूरिंग टॉकीज गावाबाहेरच्या मैदानात तंबू ठोकून उभी राहिली. चाँदभाई नांदेडकडचे, माणूस लाघवी आणि धंद्याला हुशार. त्यांनी आणलेला पिक्चर त्याच कादंबरीवरचा होता, इंग्रजी, पण हिंदीत डब केलेला. अप्पांची ख्याती त्यांच्या कानावर गेली आणि ते हुशारीची एक पायरी जास्तच चढले. सायकलरिक्षाला कर्णा बांधून गावभर पुकारा केला, "मोंढ्यातल्या अप्पांची गोष्ट आता पडद्यावर! पहिल्या खेळाला स्वतः अप्पा परीक्षक!" अप्पा पास म्हणाले तर सगळा तालुका येईल, असा त्यांचा हिशेब. अप्पा नापास म्हणतील, हा विचार त्यांना शिवलाही नसावा.

सगळं गाव लोटलं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये दोरी. शांताक्का आयुष्यात पहिल्यांदा तंबूत आल्या होत्या, ठेवणीतलं इरकल नेसून. गोष्टीच्या वेळी त्या कायम चुलीपुढे, त्यामुळे त्यांनी ती कधी धड ऐकलीच नव्हती. मला म्हणाल्या, "बायका सारख्या त्या सराईवालीचं सांगत असतेत. म्हटलं, बघू तरी कोण हाय ती." मी त्यांच्या शेजारी बसले.

टॉकीजकडे प्रोजेक्टर एकच होता. दर रीळ संपलं की दिवा लागे, आणि त्या अवधीत लोखंडी खुर्चीवरचे अप्पा उठून निकाल देत. पहिल्या रिळानंतर म्हणाले, "घोडं बरोबर हाय." तंबूने सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्यानंतर, "किल्ला जरा ल्हान हाय, पण चालंल." तिसऱ्यानंतर, "दिवाण फसवा दिसत न्हाई. चांगल्या घरचा वाटायलाय." चाँदभाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. चौथं रीळ लागलं. सरदार घोडा दौडवत सराईपाशी आला आणि अख्खा तंबू पुढे सरकला. दार उघडलं... आणि आतून एक ढेरपोट्या मिशाळ माणूस बाहेर आला. त्याने सरदाराला पेला दिला. सरदाराने तो उभ्याउभ्या घशात ओतला, घोड्यावर टांग टाकली आणि निघूनही गेला.

मग कोणीतरी ओरडलं, "सराईवाली कुठंय?" आणि तंबू पेटल्यासारखा उठला. फिरत्या टॉकीजवाले खेळ लवकर उरकायला रीळ कापतात, हे सगळ्यांना माहीत होतं. "कापली! बाई कापली!" एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या एका बाईसाठी खांद्याला खांदा लावून चाँदभाईंच्या मशीनकडे निघाली. तंबूच्या दोऱ्या ओढल्या जाऊ लागल्या. चाँदभाई मशीनला मिठी मारून ओरडत होते, "कसम से अप्पा, एक फूट बी नै काटा! मेरा धंदा डुबाते क्या?" आणि तेवढ्यात कोणाला तरी मी दिसले. "बाईंनी बी वाचलंय पुस्तक! बाईंना इचारा!" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगावं तर अप्पांची गावातली पत गेली, आणि खोटं सांगावं तर चाँदभाईंचं मशीन गेलं. मी उभी राहिले.

"बाईंना कामून तरास देता?" अप्पा खुर्चीवर चढले होते. आवाज नेहमीसारखा नव्हता. "चाँदभाईनं कात्री लावली न्हाई. ती बाई पिक्चरमंदी न्हाई... आन पुस्तकात बी न्हाई."

"मंग कुठं हाय?"

अप्पांनी हात उचलून दोरीच्या या बाजूला दाखवला. "ती काय. खांबापाशी बसलीय. इरकल नेसून."

शांताक्का लाजल्या नाहीत, रडल्या नाहीत. उभ्या राहिल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "मला न इचारता मला गोष्टीत घेतलं? आन वरून माझंच उलथनं न्यायचे?" पहिल्यांदा हसले ते चाँदभाई. मग सगळा तंबू हसला, आणि माणसं आपापल्या जागी जाऊन बसली. खेळ पूर्ण झाल्यावर लोकांनी परीक्षकांना निकाल विचारला. अप्पा गंभीरपणे म्हणाले, "पिक्चर चांगलं हाय. पण सरदार उपाशी गेला."

चाँदभाई त्या निकालावरून बरंच शिकले. दुसऱ्या दिवसापासून चौथं रीळ सराईच्या दारात थांबू लागलं. दिवा लागे, अप्पा उलथनं घेऊन पडद्यापुढे येत, सराईवालीचा प्रवेश पुरा करत, सरदार जेवला की उरलेलं रीळ सुरू होई. येलदरीच्या धरणावरचे कामगारसुद्धा तेवढ्यासाठी एसटीने आले. टॉकीज ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त मुक्काम करून गेली. घरी मात्र शांताक्कांनी बरेच दिवस अबोला धरला होता. तो सुटला तेव्हाचं वाक्य मी भिंतीपलीकडून ऐकलंय. अप्पा दुकानातून आले आणि आतून आवाज आला, "तलवार भायेर ठेवा. पाय धुवा." पुढे माझी बदली झाली, पण जेव्हा जेव्हा गेले तेव्हा अप्पांचं घरात असंच स्वागत होताना ऐकलं.

परवा मानवतला जाऊन आले. अप्पांना त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली, असं नातवाने सांगितलं. उभा जन्म ओट्यावर बसून काढलेल्या माणसाला ते शोभलंही असेल. ओटा रिकामा होता. शांताक्का आता थकल्यात, तरी मी आल्याचं कळल्यावर उठून भाकरीला बसल्या. हातात तेच उलथनं, वाकड्या टोकाचं. मी म्हटलं, अक्का, नवीन घ्यायचं होतं एखादं. त्या म्हणाल्या, "त्येंनी वाकवलंय ते. माझ्या हाताला तसंच बसलंय आता."

मला त्या दिवसाविषयी विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. त्यांनीच सांगितलं. "सकाळी छातीत दुखायलंय म्हणले. पोरगा म्हणला, दवाखान्यात चला, गाडी आणतो. म्हटलं, गाडी येईस्तोवर बसा. पाय धुवून आले... गरम भाकर केली, वरणात कुस्करून दिली. आवडीनं खाल्ली. हात धुतला आन भिंतीला टेकले, ते टेकलेच." त्यांनी भाकरी उलटली. डोळे धुराने भरले होते की कशाने, मी पाहिलं नाही, कारण माझेच भरले होते.

"चारचौघांत मला पुस्तकाभायेर काढलं होतं ना त्येंनी," शांताक्का म्हणाल्या, आणि टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली. "पण त्या पिक्चरवाल्यासारखं मी न्हाई केलं, बाई. माझा सरदार जेवून गेला."