वरच्या मजल्यावरची खुर्ची

ऑफिसात तिला सगळे शंकासूर म्हणायचे. आठ वर्षं ती एकाच कंपनीत कोड लिहीत होती. त्या कंपनीची शिस्त अशी, की वरच्या मजल्यावरच्या चार डिझायनरांनी सॉफ्टवेअरची आखणी करायची आणि खालच्या अकरा जणांनी ती मुकाट्याने कोडमध्ये उतरवायची. कागद जिन्यावरून सहज खाली यायचे. खालचा प्रश्न मात्र वर जायचा तो छापील अर्जावर, आणि उत्तराला आठ दिवस.

एकदा तिने आखणीतली चूक परस्पर दुरुस्त केली होती. शाबासकी राहिली बाजूला, ‘भूमिकेबाहेर काम केले’ अशी लेखी समज हातात पडली. आता वर एक जागा रिकामी झाली होती आणि ती तिला हवी होती. दुसऱ्याचं उतरवून काढण्याचा तिला वीट आला होता. पण आणखी एक समज मिळाली असती, तर त्या जागेवर पाणी सोडावं लागलं असतं.

नेमकं तेव्हाच डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. पेशंटने घरबसल्या डॉक्टरांची वेळ ठरवायची. आखणीत लिहिलं होतं, पेशंटने वेळ निवडली की ती लगेच त्याच्यासाठी अडवून ठेवायची आणि मग नाव-पत्ता विचारायचा. कोणी मध्येच कंटाळून उठून गेलं तर ती वेळ सोडायची कधी, याबद्दल चकार शब्द नव्हता.

ती जिना चढून थोरल्या डिझायनरकडे गेली. त्याला सगळे दादा म्हणत.

“दादा, अडवलेली वेळ सुटणार कशी?”

“आलीस का शंका घेऊन. अर्ज भर.”

“शुक्रवारी द्यायचंय. अर्जाला आठ दिवस लागतात.”

“मग दिलंय तसं लिही ना बाई. डोकं आम्ही चालवतो, तू बोटं चालव.”

तिने अर्ज भरला, धुमसत खाली आली आणि दिलं होतं तसंच लिहिलं. वेळ सोडवणाऱ्या चार ओळी अगदी बोटांवर आल्या होत्या. त्या तिने गिळल्या.

सोमवारी दुपारपर्यंत आठवड्याच्या सगळ्या वेळा भरलेल्या दिसू लागल्या. दवाखान्यात फोन खणखणत होते आणि डॉक्टरीणबाई रिकाम्या खोलीत हातावर हात धरून बसल्या होत्या. साहेबांनी दोन्ही मजले एका टेबलाशी आणून बसवले. तिने अर्जाची प्रत पुढे सरकवली, आणि सगळ्यांदेखत दहा मिनिटांत दुरुस्ती करून दिली.

दादा पडद्याकडे बघत राहिला. “एवढ्या चार ओळींचंच होतं होय? मग आधीच का नाही लिहिल्यास?”



दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावून पत्र दिलं. वरची जागा तिला. तिने ते उभ्या उभ्या वाचलं आणि तिसऱ्या अटीशी थांबली: वर गेल्यावर कोड उघडण्याची परवानगी बंद.

“मग माझं कुठे चुकलंय ते मला दिसणार कसं, सर?”

“खालचे कळवतील की.”

“आठ दिवसांनी?”

“आता वर येतेयस ना? खालची काळजी सोड.”

जेवणाच्या सुट्टीत तिने आईला फोन लावला.

“सही करून टाक गं,” आई म्हणाली. “डोक्याचा ताप तरी जाईल.”

“आणि माझ्या चुका खाली कोणीतरी निस्तरत बसेल.”

“सगळ्या जगाचा भार तूच वाहायचा का?”

तिने फोन ठेवला. पेनने तिसरी अट खोडली, खाली सही केली आणि पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून आली. असं चालत नाही, एवढंच साहेब म्हणाले. महिन्याभरात ती खुर्ची बाहेरून आलेल्या एका माणसाला मिळाली. त्याने जन्मात कधी कोड लिहिला नव्हता.

आईच्या मनातून ते अजून जात नाही. चांगली चालून आलेली जागा, सही का नाही केलीस, असं ती विचारतेच.

“केली होती की,” लेक म्हणते. “एक ओळ खोडून.”